देवाचा घास निघालेलं पातेलं

डाळजच्या सारजाबाईंना स्वयंपाकातलं काही विचारायचं असेल तर आधी थोडी स्तुती करावी लागे. स्तुती झाली की त्या "त्यात काय एवढं" म्हणत, आणि मग जे बोलायला लागत ते काही केल्या थांबत नसत. इंदापूरपासून पार कोऱ्हाळ्यापर्यंत धनगराच्या घरी जावळ असो की नवस, मटणाचं पातेलं चढवायला सारजाबाईच लागत. मजुरी त्या घेत नसत. एक लुगडं, एक नारळ, आणि चार माणसांसमोर "सारजाबाई, तुमचा हात धरणारं कुणी न्हाय" एवढं वाक्य, यावर त्या खूश असत. एखादा यजमान ते वाक्य विसरला तर त्या जाता जाता स्वतःच आठवण करून देत.

त्यांचं बालपण बापाच्या मेंढरांमागं फिरण्यात गेलं. कळप विकला, कालव्याच्या पाण्यानं जमीन भिजली, ऊस आला, पोरं बारामतीच्या कंपन्यांत गेली. पण जनावर ओळखायची नजर सारजाबाईंकडे तशीच राहिली. बोकडाच्या डोळ्यांत बघून ते आदल्या दिवशी नीट चरलंय का ते सांगत. काळीज हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय मटणाला मीठ लावू देत नसत. आणि मटण घ्यायचं ते सोनबाकडूनच, हा त्यांचा शिरस्ता होता.

सोनबा त्यांच्याच भावकीतला. त्यानंही कळप विकला होता आणि महामार्गालगत पत्र्याच्या शेडमध्ये मटणाचं दुकान टाकलं होतं. पहाटे कापायचं, दुपारपर्यंत संपवायचं, मग मटण तोडायचा ठोकळा मिठानं घासून घरी जायचं. फ्रीज नाही, काच नाही, भिंतीला फरशी नाही. माणूस कमी बोलणारा. गिऱ्हाइकानं हाड जास्त आलं म्हटलं तर तो मुकाट्यानं एक तुकडा वर टाकत असे. सारजाबाई त्याच्या दुकानात उभ्या राहून दोघांचंही बोलणं एकट्याच बोलत.

त्या वर्षी नागेशच्या मुलाचं जावळ होतं. नागेश बारामतीच्या एमआयडीसीत सुपरवायझर. गावात बंगला बांधलेला, पाहुणे भरपूर. पहाटे सोनबानं बोकडं कापली, सारजाबाईंनी काळीज बघितलं, मान डोलावली, आणि उजाडायच्या आत पातेलं चुलीवर चढलं. आधी नुसत्या हळद-मिठात बिनमसाल्याचं आळणी शिजवलं, मग येसूर मसाला घालून रस्सा केला. मटण हाडापासून सुटायला लागल्यावर त्यांनी पातेल्यातून बिरोबाचा नैवेद्य काढला आणि गड्यांकडून पातेलं खाली उतरवून घेतलं.

इथं त्यांच्या भावकीतली एक रीत सांगायला हवी. देवाचा घास एकदा पातेल्यातून निघाला की ते पातेलं पुन्हा जाळावर चढवायचं नाही. देवाला दिलेलं परत शिजवणं म्हणजे त्याला कच्चं वाढल्याचा कबुलीजबाब. सारजाबाईंना हे त्यांच्या सासूनं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. म्हणून पातेलं उतरलं की त्यावर झाकण, झाकणावर ओलं गोणपाट, आणि पंगत बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एरवी पंगत लगेच बसे. पण त्या दिवशी पोराला ज्याच्या मांडीवर बसवायचं तो मामाच सोलापूरकडून यायचा होता आणि त्याची गाडी वाटेत बंद पडली. मामाशिवाय जावळ होत नाही आणि जावळ झाल्याशिवाय पंगत बसत नाही. सकाळची पंगत दिवस कलल्यावर बसली. भुकेनं माणसं कावली होती, त्यामुळे जेवलीही भरपूर, आणि सारजाबाईंना आपलं वाक्य त्या दिवशी चारचारदा ऐकायला मिळालं.

पहाट व्हायच्या आत अर्ध्या गावाला पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. ताप नाही, उलट्याही फारशा नाहीत, पण माणसं उठून उठून बेजार. बहुतेक जण दिवसभरात सावरले. नागेशची आई शकुबाई मात्र वयानं थकलेली, तिला बारामतीला नेऊन सलाइन लावावं लागलं. शकुबाई आणि सारजाबाई एकाच गावातून एकाच वर्षी डाळजला नांदायला आलेल्या. सारजाबाईंच्या जिवाची घालमेल झाली, आणि घालमेल झाली की त्या रागावत.

राग काढायला गावाला मात्र सोनबा सापडला होता. पत्र्याची शेड, लाकडी ठोकळा, वर घोंगावणाऱ्या माश्या. आणखी काय पुरावा पाहिजे? काल त्याच्याकडून उधारीत कलेजी नेणारेही आज त्याच्या दुकानापुढून जाताना नाकाला रुमाल लावायला लागले. नागेशनं तक्रार केली. दोन-चार दिवसांत गावात बोलवा उठली की पुण्याहून मॅडम येणार आणि सोनबाच्या दुकानाला सील लागणार. एकदा सील लागलेल्या खाटकाकडे परत कोण जातो? सोनबाला दुसरा धंदा येत नव्हता, आणि या वयात दुसरा शिकायचा म्हणजे थट्टाच.

सील लागू द्यायचं नाही, हे सारजाबाईंनी ठरवून टाकलं. त्यांना कायदा माहीत नव्हता, पण मटण माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

मॅडमचं नाव सुप्रिया. अन्न खात्यातल्या अधिकारी, तिशी ओलांडलेल्या, पायांत साधे बूट, बरोबर एक मदतनीस. त्या आल्या तेव्हा दुकानापुढं निम्मं गाव जमलं होतं आणि नागेश सगळ्यांच्या पुढं हाताची घडी घालून उभा होता. सोनबा ठोकळ्यामागं मान खाली घालून उभा. मॅडमनी भिंती बघितल्या, छत बघितलं, पाण्याचा ड्रम उघडून बघितला आणि लिहायला लागल्या. एवढ्यात सारजाबाई पदर खोचून गर्दीतून पुढं आल्या.

"मॅडम, तुमी मघापासनं भिंतीच बघताय. मटण काय भिंतीला लावून खातो व्हय आमी?"

गर्दीत कुणीतरी हसलं. मॅडमही हसल्या. "पत्र्यावर रक्त उडालं तर नीट धुता येत नाही, फरशीवर येतं. म्हणून बघते. आपण कोण?"

"मी सारजा. जावळाचा सैपाक माझा."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "मग बरंच झालं. तुम्हालाच भेटायचं होतं. आधी इथलं बोलू. हा ठोकळा बघा. या भेगांत सुरी जाईल. मिठानं वरचं निघतं, भेगेतलं निघत नाही."

सारजाबाईंनी वाकून बघितलं. भेगा होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी काळीज दोन्ही बाजूंनी बघितलं होतं, ठोकळा एकदाही बघितला नव्हता. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "ठोकळा बदलंल की तो. इंदापुरात मिळतो. त्यापायी दुकान बंद करता का? ह्यानं जर खराब मटण दिलं असंल ना, तर मी ह्या हातानं कुलूप लावते. पण त्यानं दिल्यालं न्हाय."

"कशावरून?"

हा प्रश्न सारजाबाईंना फार आवडला. इतके दिवस त्या घरात भिंतींना आणि म्हशीला जे सांगत होत्या ते आता सरकार ऐकायला तयार होतं. बाजूची खुर्ची ओढून त्या मॅडमसमोर बसल्या आणि बोटांवर मोजत सांगायला लागल्या. बोकडं त्यांनी आदल्या सांजेला स्वतः बघितली, तरतरीत होती. कापल्यावर काळीज बघितलं, एक डाग नव्हता. कापल्यापासून चुलीवर जाईपर्यंत मटण कुठं पडून राहिलं नाही, टेम्पोतून थेट पातेल्यात. त्याच दिवशी सोनबाकडून डाळजातल्या कितीतरी घरांनी मटण नेलं, त्यांतल्या एकाच्याही घरी कुणी आजारी पडलं नाही. हे शेवटचं त्यांनी घरोघर जाऊन विचारलं होतं, आणि तीच माणसं आता इथं उभी होती. त्यांना नाही म्हणता येईना.

"आन् हे ऐका," त्या म्हणाल्या. आपला हुकमी पत्ता त्यांनी शेवटी राखून ठेवला होता. "त्याच बोकडांचं काळीज आन् वजडी सकाळी गड्यांनी खाल्ली. चूल पेटवणारे, पाणी भरणारे, समदे. दुपारी ते कामावर गेले, पंगतीला न्हवते. त्यांच्यातल्या एकाचंबी पोट दुखलं न्हाय. बोकड त्येच, सुरी तीच, ठोकळा तोच. सांगा आता."

सोनबानं पहिल्यांदा मान वर केली. नागेशची हाताची घडी सुटली. सारजाबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. एवढं बिनतोड बोलणं आपल्या तोंडून आजवर निघालं नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

सुप्रिया मॅडम मात्र विचारात पडल्या होत्या. "हे फार कामाचं सांगितलंत," त्या हळू म्हणाल्या. "गड्यांनी ते कसं खाल्लं?"

"कसं म्हंजी? तव्यावरनं. गरम."

"आणि पंगतीनं?"

"पातेल्यातनं."

"पातेलं चुलीवरून कधी उतरवलं होतं?"

"निवद निघाल्यावर. सकाळी."

"आणि पंगत बसली संध्याकाळी. मधे पुन्हा गरम केलं?"

सारजाबाईंनी मनाशी मोजदाद केली. बोकड चांगलं, सुरी चांगली, ठोकळा निर्दोष. एकेक दार त्यांनी स्वतःच्या हातानं लावत आणलं होतं, आणि आता उघडं राहिलेलं एकच दार त्यांच्या चुलीकडे जात होतं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "निवद काढल्यावर चढवत न्हाय आमी."

मॅडमनी त्यांना बाजूला, चिंचेखाली नेलं. त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, हे सारजाबाई पुढं प्रत्येकाला सांगत. "मटण उकळलं तरी काही जंतूंचं बी त्यात जिवंत राहतं," मॅडम म्हणाल्या. "रस्सा गरम असेपर्यंत ते गप्प असतं. कोमट झाला की उगवतं. तुमचं पातेलं मोठं, वर गोणपाट. दिवसभर ते ना गरम राहिलं ना गार झालं. वासही येत नाही, चवही बदलत नाही. तुमच्या लोकांना झालं ते अगदी त्यातलंच दिसतंय. शिल्लक रस्सा फेकून दिलाय, त्यामुळे तपासून सिद्ध करता येणार नाही, पण माझी खात्री आहे."

"परत उकळलं असतं तर?"

"खळखळून उकळलं असतं, तर बहुतेक कुणाला काही झालं नसतं."

सारजाबाई खाली बसल्या. सलाइन लावलेला शकुबाईचा काळानिळा पडलेला हात त्यांच्या डोळ्यांसमोर आला. फार वाईट वाटलं, इतकं की रागवायलाही कुणी सापडेना.

"मला काय शिक्षा?"

"तुम्ही विकत नाही, दुकान चालवत नाही. भावकीतल्या पंगतीत हौसेनं रांधता. माझी वही त्या पातेल्यापर्यंत पोचत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला फरश्या विचाराव्या लागतात, कारण मला दुकान दिसतं. तरी फरशीला मी मुदत देणार आहे. ठोकळा आणि नळाचं पाणी मात्र लगेच पाहिजे, माश्यांसाठी जाळीही. ते झालं की दुकान चालू. सील लावण्यासारखं इथं काही नाही. पण मी गेल्यावर गाव सोनबांकडून मटण घेईल की नाही, ते माझ्या हातात नाही."

ते कुणाच्या हातात होतं ते न कळण्याइतक्या सारजाबाई भोळ्या नव्हत्या. गप्प राहिल्या असत्या तर कागदावर त्यांचं नाव कुठंच आलं नसतं. दुकान कायद्यानं उघडं राहिलं असतं आणि गिऱ्हाइकावाचून बंद पडलं असतं. त्यांनी पदर नीट केला, गर्दीपुढं जाऊन उभ्या राहिल्या, आणि पंगतीत भाकरी मागवायच्या तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "सोनबाच्या मटणाला काय झाल्यालं न्हवतं. समद्यांची पोटं बिघडली ती माझ्या पातेल्यानं. सकाळचा रस्सा मी सांजच्याला गार वाढला. नागेश, तुझी आई माझ्यामुळं दवाखान्यात हाय. तक्रार करायची तर माझ्या नावानं कर."

नागेशनं मान खाली घातली. गर्दी हळूहळू पांगली आणि सोनबा ठोकळ्यावर फडकं टाकून आत निघून गेला.

त्याच दिवशी सारजाबाई बारामतीला दवाखान्यात गेल्या आणि शकुबाईच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. शकुबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतला हुता. हावरेपणा नडला." दोघी हसल्या, आणि हसता हसता सारजाबाईंना रडू आवरेना. इतक्या वर्षांत शकुबाईनं त्यांना रडताना बघितलं नव्हतं. "गप," ती म्हणाली. "न्हायतर डॉक्टर तुलाबी बाटली लावंल."

सोनबानं नवा ठोकळा आणला, ग्रामपंचायतीच्या लाइनीवरून नळ घेतला, जाळी बसवली. गिऱ्हाईक परत आलं, आधी बिचकत, मग पहिल्यासारखं. पण तो सारजाबाईंशी बोलेना. एरवीही कमीच बोलायचा, पण ते वेगळं. आता त्या दुकानासमोरून गेल्या की तो सुरीला धार लावायला वळे. आपल्या हातातल्या चांगल्या मटणाला त्या पातेल्यानं बट्टा लागला, आणि तो चार दिवस आपण सोसला, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. सारजाबाईंना ते कळत होतं आणि लागतही होतं. "बरोबर हाय त्याचं," त्या म्हणत, आणि पुढं काही बोलत नसत.

त्यांना बोलावणीही येईनाशी झाली. लोक वाकडं बोलत नव्हते. रस्त्यात भेटली की चौकशी करत, फक्त पातेल्याचं नाव काढत नसत. तो हंगाम असाच गेला. मग एक दिवस कोऱ्हाळे बुद्रुकची रोहिणी स्कूटीवर बसून आली. लांबच्या नात्यातली, नवस फेडायचा होता. सारजाबाईंनी आधी तिला आडवळणानं परत पाठवायचा प्रयत्न केला.

"तुला ठावं न्हाय का काय झालं ते?"

"ठावं हाय म्हणूनच आले मावशी," रोहिणी म्हणाली. "तुमाला आता कळलंय. बाकीच्या सैपाकिणींना अजून कळायचं हाय. मटण सोनबा मामांकडनं सांगितलंय, त्येंनाबी जेवायला बोलावलंय."

सारजाबाईंचा आत्मविश्वास काही मेला नव्हता, नुसता उपाशी होता. त्या लगेच अटी सांगायला लागल्या. देवाचं मटण वेगळ्या छोट्या पातेल्यात शिजवायचं, त्यातूनच नैवेद्य काढायचा. मोठं पातेलं पंगत बसेपर्यंत जाळावरून हलवायचं नाही. रोहिणी सगळ्याला हो म्हणाली.

कोऱ्हाळ्यात सकाळी सगळं तसंच झालं. छोटं पातेलं वेगळं, मोठ्याखाली मंद जाळ. सारजाबाई अधूनमधून पळी घालून तळापासून ढवळत आणि बुडबुडे बघून मान डोलावत. दुपार होत आली तशा त्या भाकऱ्यांकडे गेल्या, कारण भाकऱ्या थापणाऱ्या बायकांना चार गोष्टी सुनावल्याशिवाय त्यांना करमत नसे. तिथं त्या दोन-अडीच तास रमल्या. परत आल्या तेव्हा चूल विझलेली होती. पातेलं खाली उतरवून वर गोणपाट टाकलेलं. पलीकडे मांडवात पंगत बसली होती, पत्रावळ्या मांडून झाल्या होत्या आणि वाढपी बादल्या घेऊन पातेल्याकडे येत होते.

"म्याच उतरवायला सांगितलं," रोहिणीची सासू म्हाळसाबाई म्हणाली. "छोट्या पातेल्यात देवाला काय पुरतंय? तू भाकऱ्यांकडं गेलीस तवाच मोठ्यातनं एक वाटी काढून दिली. देवाचा घास निघालाय, आता जाळ कशाला?"

सारजाबाईंनी झाकणाखाली बोट घातलं. रस्सा कोमट होता.

"वाढायचं न्हाय," त्या वाढप्यांना म्हणाल्या. "चूल पेटवा. पातेलं वर घ्या."

"निवदाचं पातेलं परत चढवती? पाप लागंल, सारजा."

"माझ्या नावावर घाला ते. ह्या पंगतीतलं माणूस उद्या दवाखान्यात गेलं, तर ते पाप कुणाच्या नावावर घालू? माझ्या खात्यात आता जागा न्हाय."

कुणीतरी चुलीत चार लाकडं सारली, काटक्या पेटल्या. पण पातेलं उचलायला कुणी पुढं होईना. गडी म्हाळसाबाईंच्या तोंडाकडे बघत होते. सारजाबाईंनी स्वतःच कड्यांतून बांबू घातला, एक टोक धरलं आणि जोर लावला. पातेलं एका बाजूला कलंडल्यासारखं झालं, वर काही येईना. भुकेली पंगत माना वळवून बघत होती. अशा वेळी माणसं काय काय पुटपुटतात ते सगळं त्यांना ऐकू येत होतं, आणि त्या बांबू सोडत नव्हत्या.

पंगतीत मध्यावर बसलेला सोनबा उठला. पत्रावळी ओलांडून आला, हात धोतराला पुसले आणि बांबूचं दुसरं टोक खांद्यावर घेतलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यानं सारजाबाईंकडे सरळ बघितलं.

"उचला, आक्का," तो म्हणाला.

पातेलं चुलीवर चढलं. रस्सा खळखळून उकळेपर्यंत दोघं दोन बाजूंना उभी राहून जाळ सारत होती, आणि तोवर पंगत रिकाम्या पत्रावळ्यांसमोर बसून राहिली.